दाढ काढल्यानंतरचा आठवडा: तोंडाची काळजी कशी घ्यावी

दाढ काढून घरी आलेल्या माणसाला सर्वांत आधी मिळणारा सल्ला मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करण्याचा असतो. सल्ला चांगलाच आहे. तो फक्त एक दिवस लवकर आलेला असतो. शेक देण्याचे आणि गरम चहाचेही तसेच आहे, आज जे अपायकारक तेच परवा चालते. दात काढल्यानंतर घरी जे हाल होतात, त्यांतल्या बऱ्याच हालांचे मूळ अशा चुकलेल्या वेळेत असते, म्हणून काय करावे याच्याइतकेच ते केव्हा करावे याकडे येथे लक्ष दिले आहे. तुमच्या दंतवैद्यांनी याहून वेगळे काही सांगितले असेल तर तेच पाळावे, कारण तुमची जखम त्यांनी पाहिलेली आहे.

दात निघाला की जबड्याच्या हाडात त्याच्या मुळांच्या आकाराचा खळगा उरतो. तो रक्ताने भरतो, ते रक्त साकळते आणि गडद तांबडी, थुलथुलीत गुठळी तयार होते. खालचे उघडे हाड आणि मज्जातंतूंची टोके या गुठळीखाली झाकली जातात, आणि पुढे तिच्यातच नव्या पेशी वाढून खळगा तळापासून भरत येतो. गुडघा खरचटल्यावर खपली धरते तसेच हे आहे. फरक इतकाच की ही खपली सतत ओल्या, हलत्या आणि जिवाणूंनी भरलेल्या जागी टिकून राहायची असते. पहिले तीन दिवस जे काही करायचे किंवा टाळायचे, ते या गुठळीसाठी.

पहिले काही तास

दंतवैद्य खळग्यावर गॉजची घडी ठेवून ती दातांनी दाबून धरायला सांगतात. ही घडी निदान ३० ते ४५ मिनिटे सलग दाबलेली असावी. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर पाच मिनिटांनी आरशापुढे उभे राहून ती उचलण्याचा मोह होतो, पण प्रत्येक वेळी धरू लागलेली गुठळी घडीबरोबर उचकटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तोवर बोलणेही टाळावे. फोन आला तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी घ्यावा. वेळ झाल्यावर घडी हळूच बाजूला सरकवत काढावी, आणि ती सुकून चिकटलेली असेल तर तिला थोडे पाणी लावून आधी ओली करून घ्यावी.

यानंतरही पहिले २४ तास लाळेत गुलाबी झाक राहते आणि सकाळी उशीवर डाग दिसतो. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळले की ते वाटीभर वाटते, त्यामुळे या डागाने घाबरून जाऊ नये. उशीवर जुना टॉवेल अंथरला म्हणजे झाले. खळग्यातून ताजे, लाल रक्त पुन्हा वाहू लागले, तर ताठ बसून, स्वच्छ गॉजची किंवा धुतलेल्या सुती रुमालाची ओलसर घडी नेमकी खळग्यावर ठेवून अर्धा तास घट्ट दाबावी. सुटा कापूस वापरू नये, कारण त्याचे तंतू गुठळीत अडकतात. घरात चहाची पुडी, म्हणजे टी बॅग, असेल तर ती गरम पाण्यात भिजवून, पूर्ण गार होऊ देऊन, पिळून त्याच पद्धतीने दाबता येते. चहातल्या टॅनिनमुळे रक्त साकळण्यास मदत होते.

थुंकण्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण आपल्याकडे तोंडातले रक्त गिळायचे नाही, थुंकायचे, असे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते. माझी खालची अक्कलदाढ काढली त्या संध्याकाळी मी दर दोन मिनिटांनी बेसिनपाशी जाऊन थुंकत होतो, रक्त दिसत होते म्हणून आणखी थुंकत होतो, आणि रात्री नऊपर्यंत हाच खेळ चालला. थुंकण्यासाठी गाल आत ओढले जातात, तोंडात पोकळी निर्माण होते आणि गुठळी सैल होऊन रक्त पुन्हा झिरपते, हे मला कोणी समजावून सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मी ऐकले नव्हते. शेवटी घडी तोंडात धरून खुर्चीत गप्प बसलो, तेव्हा चाळीस मिनिटांत रक्त थांबले. लाळ सरळ गिळावी. थोडे रक्त पोटात गेल्याने काही बिघडत नाही. अगदीच नको वाटले तर मान खाली करून तोंडातले आपोआप गळू द्यावे.

पोकळी आणि दाब निर्माण करणाऱ्या इतरही गोष्टी असतात. आजारी माणसासाठी हमखास शहाळे आणले जाते आणि त्यात स्ट्रॉ असतेच. ते पाणी पेल्यात ओतून घ्यावे. स्ट्रॉ निदान आठवडाभर वर्ज्य समजावी. आरतीला शंख फुंकणे, बासरी किंवा सनई वाजवणे, चुलीवर फुंकणी मारणे, फुगे फुगवणे हेही तितके दिवस दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे.

भुलेचा बधिरपणा साधारण दोन ते चार तास, खालच्या जबड्यात कधी त्याहूनही जास्त टिकतो. तो पूर्ण उतरेपर्यंत काही चावू नये आणि गरम पिऊ नये, कारण ओठ, गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही. लहान मुलांना या बधिर ओठाची गंमत वाटते आणि ती तो चावत बसतात. भूल उतरल्यावर सुजलेला, फाटलेला ओठ दाढेपेक्षा जास्त दुखतो. मुलाजवळ तेवढा वेळ मोठ्या माणसाने बसून राहावे.

बर्फ बाहेरून, गालावर लावावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवावा, तितकाच वेळ काढून ठेवावा, आणि जागेपणी पहिल्या दिवसभर हे चालू ठेवावे. सूज बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, म्हणून काढल्याच्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी गाल मोठा दिसला तर काही तरी बिनसले असे समजू नये. शेक मात्र पहिल्या दिवशी देऊ नये. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तही वाढते, सूजही. दोन दिवसांनंतर जबडा आखडलेला वाटत असेल तर कोमट फडक्याने शेकलेले बरे वाटते. रात्री दोन उशा घेऊन डोके उंचावर ठेवावे. एक-दोन दिवस भरलेली घागर उचलणे, खाली वाकून करायची कामे आणि व्यायामशाळा टाळावी.

तंबाखू

तंबाखूसाठी वेगळा परिच्छेद हवाच. विडी-सिगारेट ओढताना झुरक्याने पोकळी निर्माण होते, धुरातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोहोचते, म्हणजे गुठळीवर दुहेरी घाला येतो. तंबाखूचा बार, गुटखा किंवा मावा धरणाऱ्यांच्या बाबतीत चुन्यासकटचा तो चोथा थेट जखमेशेजारी बसतो. मिश्री लावणाऱ्या आया-आज्यांना अनेकदा हे विचारलेच जात नाही, कारण मिश्री म्हणजे दात घासण्याचीच गोष्ट असा घरादाराचा समज असतो; ती भाजलेली तंबाखूच आहे आणि बोटाने हिरडीवर चोळली जाते, म्हणून तिला तर या काळात तोंडाजवळ येऊ देऊ नये. निदान तीन दिवस, आणि शक्यतो आठवडाभर, हे सारे बंद ठेवावे. मद्यही निदान पहिले दोन-तीन दिवस नको.

काय खावे

पहिल्या दिवशी गार किंवा कोमट आणि न चावता गिळता येईल असे अन्न घ्यावे: दहीभात चांगला कुसकरून, ताक, गार दूध, नाचणीची आंबील, तांदळाची पेज, रव्याची पातळ खीर. आइस्क्रीम चालते, पण त्यात काजू-बदामाचे तुकडे नसावेत आणि ते चमच्याने खावे. चहा प्यायचाच असेल तर तो कोमट होऊ द्यावा. चहा गार झाला म्हणून पुन्हा तापवून आणणाऱ्या घरात हे कठीण जाते, पण प्रश्न एका दिवसाचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मुगाच्या डाळीची सैल खिचडी, वरणभात, उपमा, शिजवून कुसकरलेला बटाटा, मऊ अंडे असे वाढवत न्यावे, आणि घास दुसऱ्या बाजूने चावावा.

त्रास देतात ते बारीक आणि टणक कण. चिवडा, शेव, पापड आणि शेंगदाणे यांचे टोकदार तुकडे जखमेला टोचतात. तीळ, खसखस, राजगिरा आणि पेरूच्या बिया खळग्यात जाऊन बसतात आणि चूळ भरूनही निघत नाहीत. तिखट रस्साही चार दिवस बाजूला ठेवावा. उपवासाच्या दिवशी दात काढणे शक्य तर टाळावे, कारण रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत आणि उपवासाचे म्हणून जे मिळते ती साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाने भरलेली असते. साबुदाण्याची पातळ खीर त्यापेक्षा बरी. मधुमेह असलेल्यांनी तोंड दुखते म्हणून जेवण टाळून नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घ्यायचे असे करू नये. साखर एकदम उतरू शकते. पेज-भातावर राहिल्याने साखर चढण्याचाही संभव असतो, म्हणून या दिवसांत ती एरवीपेक्षा जास्त वेळा तपासावी. चढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दुसऱ्या दिवसापासून

२४ तास उलटले की मिठाच्या पाण्याची वेळ येते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवावे, घोट तोंडात घ्यावा आणि मान या बाजूला, त्या बाजूला कलती करून पाणी खळग्यावरून फिरू द्यावे. खळखळ आवाज करत गुळणी करायची नाही आणि शेवटी पाणी जोराने थुंकायचेही नाही. बेसिनवर वाकून तोंड उघडले की ते आपोआप पडते. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा, आठवडाभर असे करावे. क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश लिहून दिले असेल तर तेही दुसऱ्या दिवसापासूनच वापरावे, आणि टूथपेस्ट व ते यांत निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, नाही तर त्याचा परिणाम कमी होतो. तेलाच्या गुळण्यांची सवय असलेल्यांनी ती आठवडाभर थांबवावी, कारण त्यात तेल दातांतून जोर लावून फिरवावे लागते.

जखमेपासून लांबचे दात पहिल्या रात्रीही हलक्या हाताने घासावेत. घाण तोंडात जखम लवकर भरत नाही. जखमेलगतचे दात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मऊ ब्रशने, खळग्याला धक्का न लावता घासावेत. खळग्यात काही अडकल्यासारखे वाटले तरी काडी, टूथपिक किंवा नख घालून ते उकरू नये. जिभेचे टोक वारंवार तिकडे जाते, तेही रोखावे लागते आणि ते सर्वांत अवघड असते.

खळग्यात हळद, तुरटी किंवा लवंगेचे तेल भरण्याचा आग्रह घरात कोणी तरी करतेच. हे काहीही भरू नये. निव्वळ लवंगतेल उघड्या जखमेला भाजते, आणि पूड गुठळीत परक्या कणांसारखी रुतून बसते. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याचाही एक जुना प्रकार आहे. त्याने हिरडी पांढरी पडून सोलवटते, आणि आधीच्या दुखण्यात दुसऱ्याची भर पडते.

गोळ्या

वेदनाशामकाची पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी घ्यावी. ठणका एकदा चढला की त्याला आवरायला जास्त वेळ लागतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही या दुखण्यावरची नेहमीची औषधे आहेत. येथे एक हिशेब चुकतो. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असे दोन्ही असते, तर क्रोसिन किंवा डोलो म्हणजे पॅरासिटामॉलच. दोन्ही वेगळी औषधे समजून एकापाठोपाठ घेतली तर पॅरासिटामॉल दुप्पट जाते. निरोगी प्रौढ माणसानेही दिवसाला एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहून खूप खाली येते. आयबुप्रोफेन पोटात काही असतानाच घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण, दमा किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते घेऊच नये. ताप असून डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही धोक्याची आहेत.

डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. ते रक्त साकळू देत नाही, म्हणून दात काढल्यानंतर दुखण्यासाठी घेऊ नये. याउलट हृदयविकारासाठी रोज चालू असलेली इकोस्प्रिनसारखी गोळी (तीही ॲस्पिरिनच) रक्त येते म्हणून आपल्या मनाने बंदही करू नये. त्याचा निर्णय ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांचा. प्रतिजैविक प्रत्येक दात काढल्यानंतर लागतेच असे नाही, म्हणून ते दिले नाही याची काळजी करू नये आणि कपाटात उरलेल्या जुन्या पाकिटातले घेऊ नये. दिले असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर तोंडाला धातूची चव येते आणि त्यासोबत मद्य घेतल्यास उलट्या व धडधड होऊ शकते.

तिसरा-चौथा दिवस

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात पाहिले तर खळग्यावर पांढरट-पिवळसर साय दिसते. तिला पू समजून लोक खरवडायला जातात. ती भरू लागलेल्या जखमेची खूण आहे आणि तिला हात लावायचा नसतो. पुवाला वाईट चव असते, तो झिरपतो, आणि त्याच्यासोबत सूज व दुखणे वाढत जाते.

या दिवसांत वेदनेचा कल पाहावा. दुखणे दिवसागणिक थोडे थोडे उतरले पाहिजे. ते उतरता उतरता तिसऱ्या दिवसाच्या आसपास अचानक उसळले, कानापर्यंत आणि कानशिलापर्यंत ठणकू लागले, तोंडाला दुर्गंधी आली, गोळीने आराम पडेना आणि खळगा रिकामा, तळाशी फिकट हाड दिसणारा वाटला, तर गुठळी निघून गेलेली आहे असे समजावे. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत ते इतर दातांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याचा धोका वाढतो. काळजी घेऊनही ते होऊ शकते, म्हणून दोष देत बसू नये. घरी यावर खरा उपाय नाही. दंतवैद्य खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतात, जिच्यात बहुधा लवंगेतलेच युजेनॉल असते (घरचे लवंगतेल नको आणि हे चालते, कारण येथे ते मोजून, मिश्रणातून आणि योग्य जागी ठेवलेले असते), आणि बहुतेकांना त्याच दिवशी सुटल्यासारखे वाटते. पूर्ण बरे व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात.

वरची दाढ काढली असेल तर आणखी एक काळजी असते. वरच्या दाढांची मुळे गालामागच्या, वरच्या जबड्याच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, अगदी खेटून असतात, आणि कधी कधी दोहोंमधला पातळ पडदा उघडतो. पाणी पिताना ते नाकातून येऊ लागले, किंवा खळग्यातून हवा जाते असे जाणवले, तर दंतवैद्यांना कळवावे आणि तोवर नाक शिंकरू नये; शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. वरची दाढ काढल्याने दृष्टी मंदावते ही भीती मात्र निराधार आहे. दातांच्या संवेदना त्रिशाखी मज्जातंतूकडे जातात, डोळ्यांना दिसते ते दृष्टिमज्जातंतूमुळे, आणि दाढ काढताना त्या दुसऱ्या मज्जातंतूला धक्का लागत नाही. या भीतीपायी लोक किडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात.

वाट पाहू नये अशी लक्षणे थोडीच आहेत, पण ती घरातल्या सर्वांना ठाऊक असावीत. अर्धा-अर्धा तास दोनदा दाबूनही न थांबणारे रक्त, १०१ अंशांच्या वरचा ताप, तीन दिवसांनंतर वाढतच जाणारी सूज, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ वा जीभ बधिरच असणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हनुवटीखाली टणक सूज येणे, जीभ वर उचलली जाणे, गिळता न येणे किंवा श्वासाला अडथळा होणे ही मात्र तातडीची बाब आहे. तेव्हा दंतवैद्यांची वेळ घेत बसू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठे रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या जबड्यावर पूर्वी किरणोपचार झाले आहेत, किंवा जे हाडांच्या ठिसूळपणासाठी अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल अशी औषधे घेतात, त्यांच्या जबड्याचे हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो. हे दात काढण्याआधीच सांगायचे असते. राहिले असेल तर लगेच कळवावे आणि तपासण्या चुकवू नयेत.

रेशमी टाके साधारण आठवड्याने काढतात. विरघळणारे टाके एक ते तीन आठवड्यांत आपोआप गळतात, आणि जेवताना धाग्याचा तुकडा हाती आला तर घाबरण्याचे कारण नाही. अक्कलदाढ कापून काढली असेल तर तोंड आठवडाभर पुरते उघडत नाही. ते हळूहळू सुटते. काही आठवड्यांनी हिरडीतून टोकदार, पांढरा कण डोकावू लागला तर दाताचा तुकडा आत राहिला असे बहुतेकांना वाटते. बहुधा तो हाडाचा सुटा कपचा असतो आणि स्वतः बाहेर पडतो. टोचत राहिला तर दंतवैद्य क्षणात काढून देतात.

हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, पण आतले हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर खालच्या दाढेच्या खोल खळग्यात भाताची शिते अडकत राहतात. आठवड्यानंतर, दंतवैद्यांनी परवानगी दिल्यावर, सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाण्याची हलकी धार सोडून ती काढता येतात. मधली दाढ गेली असेल तर शेजारचे दात त्या फटीकडे कलू लागतात आणि समोरचा दात खाली किंवा वर सरकू लागतो, म्हणून तिथे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) बसवायचा की इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात), हे टाके काढण्याच्या भेटीतच विचारून ठेवावे. अक्कलदाढेच्या जागी काही बसवावे लागत नाही.